क्लोज-अप जादू करताना पत्ते, नाणी, कप हिसकावणाऱ्यांचं काय करायचं

स्टेजवर जादू करणाऱ्यांना हा त्रास फारसा नसतो. मध्ये चांगलं अंतर असतं, लाईट असतात, कुणी हात पुढे केला तरी तो पोचत नाही. क्लोज-अपमध्ये मात्र बघणारा अगदी कोपराला कोपर लावून उभा असतो. रिसेप्शनला टेबलाटेबलावर फिरा नाहीतर सोसायटीच्या गणपतीत पोरांसमोर करा, "बघू बघू, इकडे दे जरा" हे येणारच. डेकवर, म्हणजे पत्त्यांच्या कॅटवर, झडप पडते, कप उलटा केला जातो, मुठीतलं नाणं बोटं सोडवून काढून घेतात. नवीन मुलं मग घाबरून डेक छातीशी धरतात आणि खेळ तिथेच संपतो, कारण हा काहीतरी लपवतोय हे अख्ख्या टेबलाला कळलेलं असतं.

माझं यावर एक सरळ मत आहे आणि ते बऱ्याच जादूवाल्यांना आवडत नाही. हिसकावणाऱ्याला बहुतेक वेळा आपणच बोलावलेलं असतं. "नीट बघा हं, हा एकदम साधा पत्ता आहे" असं म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात पहिला विचार येतो की साधा नसणार. "पकडून दाखवा मला" म्हटलं तर तो पकडायलाच बसणार ना, त्याचं काय चुकलं. आणि तिसरं म्हणजे खेळाचा शेवट झाला, लोक "ओ हो" करतात आणि आपण टाळ्या घेत तसेच उभे राहतो, सामान समोर पडलेलं. हात येतो तो याच दोन-तीन सेकंदांत. खेळाच्या मध्ये सहसा कोणी हात घालत नाही कारण पुढे काय होतंय ते बघायचं असतं.

म्हणून पहिलं काम, पॅटरमधून, म्हणजे खेळ करताना आपण जे बोलत असतो त्यातून, "साधा", "नॉर्मल", "काही नाहीये यात" हे शब्द काढून टाका. पत्ते साधे असतील तर बोलू नका, नुसते त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "पिसा." पिसणारा माणूस आपोआप तपासणी करून मोकळा होतो आणि त्याला तपासणी केल्यासारखं वाटतही नाही.

दुसरं काम म्हणजे खेळांचा क्रम. टेबलावर गेल्या गेल्या गिमिकचा, म्हणजे आत छुपी करामत असलेल्या वस्तूचा, खेळ काढू नका. पहिला खेळ त्यांच्याच वस्तूवर करा, त्यांची अंगठी, त्यांची नोट, हॉटेलचा नॅपकिन. हातात घेऊन बघण्यासारखं काही नसतं आणि बघितलं तरी काही सापडत नाही. एकदा एका खेळात "अरे, खरंच काही नाही" झालं की दुसऱ्या खेळाला हात कमी येतात, हे अगदी रोज दिसतं. नोटेचा खेळ करत असाल तर नोटेवर सही करायला लावू नका, नोटांवर लिहू नका असं रिझर्व्ह बँक सांगते आणि टेबलावर हमखास एखादे बँकवाले काका असतातच. त्याऐवजी नोटेच्या नंबरचा फोटो काढायला सांगा. यात अजून एक फायदा आहे, फोटो काढणाऱ्याचे दोन्ही हात मोबाईलवर अडकतात.

हात अडकवणे हाच खरा उपाय आहे, बाकी सगळं त्याच्या नंतर. टेबलावर गेलात की खेळ सुरू करायच्या आधी नजर फिरवा, कोण पुढे झुकलाय, कोणाचा हात टेबलावर तुमच्या मॅटच्या दिशेला पडलाय, कोण शेजाऱ्याला "मला माहितीये हे कसं करतात" म्हणतोय. तो तुमचा मदतनीस. त्याला टाळू नका, त्यालाच काम द्या.

आता अँबिशस कार्ड घ्या, म्हणजे मध्ये घातलेला पत्ता पुन्हा पुन्हा वर येतो तो खेळ, कारण सगळ्यात जास्त झडप याच खेळात पडते. सही केलेला पत्ता मध्ये गेला, तुम्ही डबल लिफ्ट करून (दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलून) तो वर आलेला दाखवला, म्हणजे या क्षणी तुमच्या हातात एकाऐवजी दोन पत्ते आहेत आणि समोरून काकांचा हात सूपच्या वाटीवरून डेककडे निघालाय. मागे ओढू नका. बोलणं थांबवू नका. जोडी होती तशी डेकवर पालथी ठेवा, डेकचा हात खाली कमरेपर्यंत उतरू द्या आणि त्याच ओघात अंग थोडंसं वळवा, म्हणजे काकांच्या आणि डेकच्या मध्ये तुमचा खांदा येतो. हे सगळं "काका, बरं झालं, मला तुमचाच हात हवा होता, तळवा वर करा" या एका वाक्यात बसवायचं. आता काकांचा हात तुमच्या सांगण्यावरून उघडा आहे. वरचा पत्ता त्या तळव्यावर पालथा ठेवा, सहीचा आता खाली डेकवर राहिलाय आणि काकांना वाटतंय सही आपल्याकडे आहे. "दुसरा हात वरून दाबा, सोडू नका." झालं, काकांचे दोन्ही हात गेले आणि वर ते खूष, कारण आता ते खेळात आहेत. बाकीचं टेबलही त्यांच्याकडे बघतंय, तुमच्याकडे नाही, आणि अशा वेळी काय काय करून घेता येतं ते तुम्हाला सांगायला नको.

हे वाक्य आरशासमोर म्हणून पाठ करा. वाक्य तयार नसेल तर हात आला की तोंडून "नाही नाही, थांबा थांबा" निघतं आणि "नाही" ऐकलं की माणूस अजून चेकाळतो.

हात धरू नका. कोणी पत्ता ओढतंय म्हणून मनगट पकडलं तर वातावरण एका सेकंदात बिघडतं, आणि समोर बाई असेल तर प्रश्नच येत नाही, हात लावायचाच नाही. ओढाताणही करू नका, पत्ता वाकतो, तोंड वाकडं होतं आणि तुम्ही जिंकलात तरी हरलेले दिसता.

नाण्यांचं वेगळंच आहे. बाहेरून मागवलेले बरेचसे नाण्यांचे गिमिक अमेरिकन हाफ डॉलरच्या आकाराचे असतात, 30 मिलिमीटरच्या वर, आणि आपल्याकडे ते नाणं काढलं की खेळ राहतो बाजूला, लोकांना ते नाणंच बघायचं असतं. "कुठलं आहे हे, अमेरिकेचं का?" आणि हात आला. त्यांची चूक नाही, अनोळखी वस्तू हातात घेऊन बघावीशी वाटतेच. आपलं 10 रुपयांचं दोन रंगांचं नाणं 27 मिलिमीटरचं आहे, हाताला पुरेसं मोठं, लांबूनही दिसतं आणि कोणालाही ते हातात घेऊन बघायची इच्छा होत नाही कारण सकाळीच रिक्षावाल्याने सुट्टे म्हणून दिलेलं असतं. परदेशी नाणं वापरायचंच असेल तर खेळ सुरू व्हायच्या आधी, हातात काहीच लपवलेलं नसताना, स्वतःहून एक फिरवून आणा.

कप अँड बॉल्स (कपांखाली चेंडू येतात-जातात तो खेळ) किंवा एकाच कपाचा चॉप कप करत असाल (हा चॉप कप अल व्हीटली नावाच्या अमेरिकन जादूगाराने काढला, तो स्टेजवर चॉप चॉप नावाने यायचा) तर शेवटी कपाखालून लिंबू काढा आणि लिंबू सरळ त्यांच्या हातात द्या. लोकांना काहीतरी हातात हवं असतं, ते तुम्ही ठरवून दिलंत तर कपाकडे लक्ष जात नाही. ते लिंबाचा वास घेईपर्यंत चेंडू खिशात जातो. बटाटा, कांदा काहीही चालेल, पण बेदाणा-काजू नको, खाऊन टाकतात.

थंब टिप (अंगठ्यावर चढवायची पोकळ खोटी टोपी, रुमाल तिच्यात लपतो) वाल्यांना एवढंच सांगतो की रुमाल गायब झाल्यावर दोन्ही हात उघडे करून "बघा" म्हणत मिरवत बसू नका. लगेच पेन काढायला खिशात हात घाला, टिप तिथे सोडा आणि पुढच्या खेळासाठी पेन समोरच्याला द्या. पेन काढायचं निमित्त सगळ्यात चांगलं, कोणाला संशय येत नाही.

गिमिक डेक असेल तर पत्त्यांच्या पाठीवर तीच नक्षी असलेला एक साधा डेक दुसऱ्या खिशात हवाच. खेळ संपला की डेक बॉक्समध्ये, बॉक्स खिशात, आणि कोणी "दाखवा ना तो" म्हटलं की निवांत, अगदी कंटाळल्यासारखं, दुसरा काढून द्यायचा. दोन्ही डेक सारखेच जुने असू द्या. पावसाळ्यात मुंबई-कोकणात पत्ते दमट होऊन फुगतात, चिकटतात, आणि एक डेक फुगलेला आणि दुसरा सील फोडून काढलेला करकरीत असेल तर हातात घेणाऱ्याला लगेच कळतं. मी दोन्ही डेक एकाच दिवशी फोडतो आणि एकाच पिशवीत ठेवतो. कुर्ता-जॅकेट घालणार असाल तर घरून निघायच्या आधी खिसे तपासून घ्या, नवीन जॅकेटचे बरेचदा नुसते दाखवायचे खिसे असतात, शिवलेले.

"परत एकदा करा" हे पण एक प्रकारचं हिसकावणंच आहे, फक्त तोंडाने. 1922 साली शिकागोत पत्त्यांचा जादूगार डाय व्हर्ननने प्रसिद्ध जादूगार हूडिनीसमोर सही केलेला पत्ता पुन्हा पुन्हा वर आणून दाखवला, आणि तीनदा बघितलं की कुठलीही ट्रिक पकडतो असं सांगणाऱ्या हूडिनीला ती पकडता आली नाही. गोष्ट छान आहे, पण तुम्ही व्हर्नन नाही आणि मी तर नाहीच नाही. तोच परिणाम दुसऱ्या पद्धतीने होत असेल तरच परत करा. नाहीतर "परत करतो, पण या वेळी तुमच्या हातात" म्हणून सरळ दुसरा खेळ सुरू करा, बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

लहान मुलं हा वेगळा विषय आहे आणि इथे मी जरा कडक आहे. रस्त्यावरचा मदारी आधी गर्दीचं रिंगण करतो, पुढे आलेल्या पोरांना मागे सारतो, मग पोतडी उघडतो. आपण उलटं करतो, बॅग उघडून सामान मांडतो आणि मग "मागे व्हा रे" म्हणून ओरडतो. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी असतेच, ती तुमच्या टेबलापासून चार-पाच पावलं लांब घालून घ्या आणि आल्या आल्या सांगा, जादू फक्त सतरंजीवर बसलेल्यांनाच दिसते. मग एखादं पोरगं पुढे आलं तर तुम्हाला बोलावं लागत नाही, बाकीची पोरंच त्याला ओढून बसवतात. सगळ्यात उचापती जो असेल त्याला असिस्टंट करा, रुमाल धरायला द्या, नाव विचारा, त्याच्यासाठी टाळ्या वाजवा.

पण लोहचुंबक असलेली कुठलीही वस्तू लहान मुलांच्या शोमध्ये आणू नका. एकापेक्षा जास्त चुंबक पोटात गेले तर मध्ये आतडी दाबून एकमेकांना चिकटतात आणि जिवावर बेततं, ऑपरेशनपर्यंत जातं. स्पंज बॉल आणि नाणीही तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात द्यायची नाहीत, ती थेट तोंडात जातात. आई शेजारी बसली असली तरी नाही.

आता समजा सगळं करूनही हिसकावलंच. वस्तू साधी असेल तर घेऊ द्या, हसा, "बघा, तुमच्याकडे आल्यावर जादू बंद" म्हणा आणि हात पुढे करून उभे राहा, माणूस आपोआप परत देतो. मागत बसू नका. गिमिक सापडलंच तर स्पष्टीकरण द्यायचं नाही, चिडायचं नाही, "सापडलं! आता काका शो करणार" म्हणा, टेबल हसेल, तेवढ्यात पुढचा खेळ सुरू. हा खेळ मात्र ज्यात काहीच लपवावं लागत नाही असाच हवा, म्हणून असा एक कायम राखून ठेवायचा.

बाहेरच्या व्हिडिओंमध्ये हेकलरची, म्हणजे मध्ये मध्ये टोकणाऱ्या प्रेक्षकांची, तोंडं बंद करायच्या ज्या खोचक लाईन्स शिकवतात त्या आपल्या लग्नात वापरू नका. ज्याला तुम्ही टोमणा मारताय तो नवऱ्या मुलाचा मामा असतो, आणि तुमच्या मानधनाचं पाकीट त्याच्याच बहिणीच्या पर्समध्ये असतं. आजोबांनी कप उलटा केला तर "आजोबा, तुमच्यापुढे काय लपणार" म्हणून पुढे जा. वाद घालण्यात काय मिळणार आहे?

प्यायलेल्या टेबलावर मात्र यातलं काही चालत नाही. तिथे एक छोटा खेळ उभ्याने करा, काहीच मांडू नका, आणि "परत येतो" म्हणून निघा. परत जायचं नाही. यजमानांनी फारच आग्रह केला तर गिमिक बॅगेत टाकून साधा डेक घेऊन जा.

निघताना सामान मोजा. एखादं नाणं लहानग्याच्या खिशात गेलेलं असतं, तर त्याच्या आईला बाजूला घेऊन हळूच सांगा, चारचौघांत नाही. साधं असेल आणि मिळत नसेल तर सोडून द्या. गिमिकचं असेल तर त्याच रात्री दुसरं मागवा, आणि ते हातात येईपर्यंत तो खेळ लिस्टमधून काढा.