मानकुरादच्या फळमाशीसाठी गंधसापळा कसा लावावा

वरून एक डाग नाही, वास घमघमतोय, आणि कापला तर कोयीजवळ पांढऱ्या अळ्या वळवळताहेत. मे महिना सरता सरता गोव्यात घरोघरी मानकुराद आंबा असा दगा देतो. अळी फळाच्या पोटात असल्यामुळे वरून कितीही फवारा मारला तरी तिला फारसा धक्का लागत नाही. त्यापेक्षा माशीला गाठणं सोपं, कारण नर माशीला एक वास अजिबात आवरत नाही.

आधी माशी ओळखा

आपण दोन वेगळ्या किड्यांना फळमाशी म्हणतो. पिकलेल्या केळ्यांवर आणि फेणीसाठी साठवलेल्या काजूच्या बोंडूंवर घोंघावतं ते लाल डोळ्यांचं, जेमतेम तीन मिलिमीटरचं चिलट. प्रयोगशाळांत कामगंधाचा, म्हणजे फेरोमोनचा, फार बारकाईने अभ्यास झाला आहे तो याच्यावर. मीलनाच्या वेळी नर आपला एक गंध मादीला लावून जातो. पुढच्या नराच्या शिंगांवरच्या सूक्ष्म केसांना छिद्रं असतात. त्यांतून तो गंध आत शिरतो, चेतापेशी जागी होते आणि नर बहुधा त्या मादीचा नाद सोडतो.

आंबा नासवणारी माशी वेगळी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. आकाराने साधारण घरमाशीएवढी, पाठीवर पिवळे पट्टे, पंख पारदर्शक. मादीच्या शेपटीला सुईसारखं टोक असतं. ते सालीत खुपसून ती अंडी घालते. फळ उजेडात फिरवून पाहिलं तर टाचणी टोचल्यासारखा ठिपका आणि कधी त्यावर डिंकाचा बारीक थेंब दिसतो. खालचा सापळा या माशीसाठी आहे, चिलटं त्याकडे फिरकणार नाहीत.

आमिष का चालतं, ते समजून घ्या

१९१२ च्या सुमारास बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाच्या शेजाऱ्याने डासांसाठी सिट्रोनेला तेल वापरलं आणि त्याच्याभोवती फळमाश्या गोळा झाल्या. हॉवलेटने पाहिलं तर सगळे नर. त्यामागचा पदार्थ मिथाइल युजेनॉल निघाला. आपल्या अंगणातल्या तुळशीतही तो असतो.

नर हा पदार्थ नुसता हुंगत नाही, चाटून खातो. पोटात त्याचं रूपांतर होऊन तयार झालेला गंध शेपटीकडच्या ग्रंथीत साठतो. तिन्हीसांजेला नर पंख फडफडवत तोच गंध सोडतात आणि माद्या त्याकडे येतात. म्हणजे आपण सापळ्यात ठेवतो तो नराच्या प्रणयगंधाचा कच्चा माल. म्हणून तर तो इतका बेभान होऊन येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. सापळ्यात मादी जवळजवळ येतच नाही. आणि नर मीलन उरकून मग मेला, तर आपल्याला उपयोग शून्य. बाटली मेलेल्या माश्यांनी भरली म्हणजे काम फत्ते झालं, हा समज फार नुकसान करतो.

सापळा लावा

मानकुराद एप्रिल-मेमध्ये उतरवायचा, तर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला सापळे लागलेच पाहिजेत. काढणीच्या सुमारे दोन महिने आधी, फळं लिंबाएवढी असताना. आंब्याला पाड लागल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.

एक लिटरची प्लास्टिक बाटली घ्या. वरच्या भागात समोरासमोर बोटाएवढी दोन-तीन भोकं पाडा. कृषी सेवा केंद्रात मिथाइल युजेनॉलची तयार वडी मिळते. ती तारेने भोकांच्या पातळीवर टांगा. तळाशी दोन बोटं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब घाला. बुडालेली माशी मग वर येत नाही. वडीत कीटकनाशकही असू शकतं, म्हणून हातमोजे घाला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा मिळाला तर ही खटपट वाचते.

सापळा फांदीच्या सावलीत, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर टांगा. उन्हात वडी लवकर उडून जाते. एकरी दहा सापळे धरतात, दारातल्या दोन-तीन झाडांना एक-दोन पुरतात. पाणी आठवड्याला बदला, वडी दीड-दोन महिन्यांनी.

वडी मिळालीच नाही तर मूठभर तुळशीची पानं ठेचून करवंटीत साबणाच्या पाण्यात ठेवा. मात्र वास पटकन विरतो, दर तीन-चार दिवसांनी पानं नवी घालावी लागतात.

शेजारच्या कुळागरातही, म्हणजे बागायतीतही, सापळे लागले तर फरक डोळ्यांना दिसतो. माशी कुंपण मानत नाही, आणि बाहेरून येणारी मादी मीलन होऊनच आलेली असते.

पडलेलं फळ उचला

माझ्या मते हे काम सापळ्यापेक्षा मोठं. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर येते, अंगाचं कडं करून टुणकन उडी मारते आणि मातीत शिरून कोष करते. आठवड्या-दीड आठवड्यात नवी माशी तयार. म्हणून पडलेला आंबा रोजच्या रोज उचला. उकिरड्यावर टाकू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. झाडाखालची माती अधूनमधून खरवडली की कोष उघडे पडतात, कोंबड्या ते टिपतात.

झाडावर पानं शिवून घरटी करणारे तांबडे हुमले, म्हणजे लाल मुंगळे, मारू नका. चावतात खरे, पण त्यांनी फळावर सोडलेल्या गंधामुळे फळमाशीची मादी तिथे अंडी घालायला कचरते. आफ्रिकेत बेनिनमधल्या आंबाबागांत हे अभ्यासून पाहिलेलं आहे.

काढणीनंतर

आंबा झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, देठासकट उतरवा. आढी घालण्याआधी, चोवीस तासांच्या आत, ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक तास बुडवून ठेवा. सालीखालची अंडी आणि कोवळ्या अळ्या त्यात मरतात. तापमापक हवाच, अंदाजावर जाऊ नका: पाणी जास्त तापलं तर साल भाजते, कमी राहिलं तर अळ्या जगतात. बाहेर काढल्यावर साध्या पाण्यात गार करा, सावलीत कोरडे करा आणि मग पेंढ्यात घाला.