शाळेचा खो-खो आणि क्लबचा खो-खो : दोन्ही जमवायचं कसं

जूनमध्ये शाळा उघडली की दोन्हीकडून बोलावणं येतं. शाळेचे सर म्हणतात, सकाळी साडेसहाला या; क्लबचे सर म्हणतात, संध्याकाळी साडेपाचला. मुलगी फक्त आपल्याकडेच पळते, असं दोघांनाही वाटतं. म्हणून आधी एक शंभरपानी वही घ्या. रोज तीनच नोंदी : किती मिनिटं पळाली, किती सूर मारले, कुठं दुखतंय. वही दर सोमवारी दोन्ही सरांना दाखवा. तोंडी सांगितलेलं मैदानावर कुणाच्या लक्षात राहत नाही.

सराव किती वेळा झाला ते मोजू नका, जड सराव किती झाला ते मोजा. जड म्हणजे संरक्षणाचं पूर्ण डावभर पळणं किंवा खांबावरचे सूर. आठवड्यात असे चार दिवस पुष्कळ झाले, त्यातही सलग दोनच, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सकाळी शाळेत वीस सूर मारले असतील तर संध्याकाळी क्लबमध्ये फक्त पाटीवरून (बसायच्या चौकोनातून) उठणं, खो देणं, दिशा घेणं. दमलेल्या पायाचा रेटा कमी पडतो. अंग लांब जात नाही, छाती-मांड्यांऐवजी गुडघा आधी आपटतो. अशा दुसऱ्या सरावात दुखापत सहज होते.

गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखू लागला तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका. 10 ते 15 या वयात मांडीच्या स्नायूचा दोर तिथं हाडाला ओढतो. आपल्या खेळात तर उकिडवं बसणं आलंच. सूर आणि उकिडवं बसणं थांबवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा. आठवडाभरात उतार नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

शाळेत माती आणि अनवाणी पाय, क्लबच्या मोठ्या स्पर्धेत मॅट आणि बूट. मातीत हुलकावणी देताना पाय थोडा घसरतो, मॅटवर जागीच अडतो आणि घोटा मुरगळतो. स्पर्धेआधी निदान चार दिवस बूट घालून पळू द्या. नवे बूट थेट सामन्यात नकोत.

तारखांचा घोळ होणारच. शालेय स्पर्धा क्रीडा खात्याच्या, क्लबच्या स्पर्धा खो-खो संघटनेच्या. सोलापूर महापालिका क्षेत्राचा शालेय संघ ग्रामीण जिल्ह्यापेक्षा वेगळा असतो. तारखा एकाच दिवशी आल्या तर कुठं जायचं हे जूनमध्येच ठरवा. आमच्या मते जी फेरी वरची, ती खेळावी. वयोगटही सारखे नाहीत : शाळेत 14, 17 आणि 19 वर्षांखालील, तर संघटनेत कुमारी गट 18 वर्षांखालील. दाखला आणि आधारवर नाव, जन्मतारीख अक्षरशः सारखी हवी, नाहीतर ऐन नोंदणीत मुलगी बाहेर राहते. दहावीला खेळासाठी मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून मूळ प्रमाणपत्रं घरातच ठेवा.

खाण्याचं सोपं आहे. शाळा सुटल्यावर साडेचारला केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सराव झाल्यावर. आधी खाल्ली तर वाकून पळताना ती घशाशी येते.