इस्फहानच्या महालांवर लिहिताय? मग या चुका टाळा

‘आली कापू हा शाह अब्बासचा राजवाडा होय.’ वास्तुकलेच्या मुलांच्या वह्यांत दरवर्षी हे वाक्य येतं आणि दरवर्षी माझं लाल पेन तिथंच अडतं. अरे, कापू म्हणजे तुर्कीत दार! आली कापू म्हणजे थोरला दरवाजा, इराणच्या सफवी शाहांच्या राजधानीतला, इस्फहानच्या मैदानावरचा. इमारत उंच, वर बैठका, अगदी माथ्याला सुरया-प्याल्यांच्या आकाराचे कोनाडे कापलेलं संगीतघर. त्यामुळे गोंधळ होतो, मान्य. पण खरा दौलतखाना, म्हणजे शाहचा राजवाडा, त्याच्या मागे, बागांमध्ये सुट्या सुट्या महालांत पसरलेला. दिल्ली दरवाजा बघून शनिवारवाडा पाहिला म्हणाल का?

तरी दरवाजाच म्हणून त्याला कमी लेखू नका. त्याच्या उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, असा दंडक होता. कुणी तिथं आश्रयाला आला, तर शाहच्या हुकमाशिवाय त्याला उचलता येत नसे. एवढी सत्ता एका उंबरठ्यात होती, आणि मुलं त्याच्यावरून उडी मारून थेट खांब मोजायला धावतात.

खांबांवरून आठवलं. त्याच बागांतला एक महाल चेहेल सुतून, म्हणजे चाळीस खांब. मोजले तर वीस भरतात. उरलेले वीस समोरच्या हौदातल्या प्रतिबिंबातले, असं सगळेच सांगतात. मीही सांगायचो. एकदा पुण्याहून नेलेल्या गटापुढे तेच ऐटीत सांगितलं, आणि हौद नेमका साफसफाईला रिकामा. गटातल्या एक निवृत्त शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, “अहो सर, म्हणजे पाणी काढलं की याचं नाव वीसखांबी ठेवायचं का?” सगळे हसले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

फारसीत चाळीस म्हणजे पुष्कळ, एवढी साधी गोष्ट. आपण ‘तुझ्यासारखे छप्पन्न बघितले’ म्हणतो तेव्हा कुठं मोजलेले असतात? पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीच्या अवशेषांनाही लोक चेहेल मिनार, म्हणजे चाळीस मनोरे, म्हणत, आणि तिथं तर हौदही नाही. प्रतिबिंबाची गोष्ट गोड आहे, जरूर सांगा, पण गोष्ट म्हणून. दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून निबंध लिहिणाऱ्यांना एवढाही धीर नसतो.

त्याच महालातल्या भित्तिचित्रांवर तारीख ठोकण्याची घाई तर नकोच. महाल १६४७चा, दुसऱ्या शाह अब्बासचा. भिंतीवर मात्र नादिरशहानं मुघलांना हरवलं ती १७३९ची कर्नालची लढाईही आहे, म्हणजे ते चित्र मागाहूनचं. चाल्दिरानच्या लढाईच्या चित्राचंही तसंच: १५१४ला आपल्या पूर्वजानं ऑटोमन तुर्कांकडून खाल्लेला मार कुठला सफवी शाह स्वतःच्या दिवाणखान्यात रंगवून घेईल? त्याला हवी होती मेजवानीची चित्रं. १५४४च्या सुमारास आसरा मागायला आलेला मुघल बादशहा हुमायून सफवी शाह तहमास्पच्या शेजारी बसलाय, पुढ्यात नर्तकी, वाद्यं. त्यानंतर शंभर वर्षांनी, कंदाहारवरून मुघलांशी झगडा चालू असताना, पाहुण्यांना त्याच चित्राखाली जेवायला बसवायचं! तुमचे पूर्वज आमच्या ताटाला बसले होते, हे तोंडानं सांगावं लागत नाही.

बाकीच्या किरकोळ. पहिल्या शाह अब्बासला आली कापूच्या तालारात, म्हणजे खांबांच्या उघड्या सज्जात, बसवून पोलो दाखवू नका. तो तालार दुसऱ्या अब्बासच्या काळात जोडला. हश्त बेहेश्त हा इस्फहानचाच आणखी एक महालही पहिल्या अब्बासच्या नावावर नको, तो शाह सुलेमानचा, १६६९चा. तेहरानचा गुलिस्तान महाल आज दिसतो तो बहुतेक सफवींनंतरच्या काजार घराण्याचा. त्याचे फोटो सफवी म्हणून चिकटवू नका. आणि ‘इस्फहान निस्फ-ए-जहान’, म्हणजे ‘इस्फहान अर्धं जग’, या घासून गुळगुळीत झालेल्या म्हणीनं निबंध सुरू केलात तर मी पुढचं वाचत नाही.

माझी सवय विचाराल तर, फोटो बाजूला ठेवून आधी नकाशा घेतो. शाह कुठं बसायचा तिथं लाल टिंब, पाहुणा कुठं उतरायचा तिथं निळं. मग निळ्यापासून लाल टिंबापर्यंत बोट फिरवत जातो: मैदान, उंबरठा, बाग, हौद, तालार. या वाटेत कुणाला कुठं थांबवत असतील, याचा विचार करताना निम्मा निबंध सुचतो. खांब सगळ्यात शेवटी मोजतो.