खाऱ्या वाऱ्यातली जुनी टर्बो हॅचबॅक

जुनी गाडी विकत घेताना ती बलेनो आरएससारखी (2017 ते 2020) टर्बो पेट्रोल, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली, आणि मालवण-देवगडकडची असेल, तर बॉनेट उघडण्याआधी ती रॅम्पवर चढवायला सांगा. वरचं पॉलिश फसवतं, खरी गाडी खालून कळते. दाराखालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं तांबड्या मातीने बुजतात, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. भोकं तारेने मोकळी करा, पत्रा अंगठ्याने दाबून बघा. कुरकुरला तर भाव पाडा, नाहीतर सरळ सोडून द्या.

मग ब्रेक. आरएसला चारही चाकांना डिस्क आहेत. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना खाऱ्या हवेत जाम होतात. मग एकच पॅड झिजतो, गाडी एका बाजूला ओढते. पिना काढून पुसा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅड 3 मिमीवर आला की बदला.

आंबा घाट चढल्यावर थांबायचं असेल तर इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल करपतं. किनाऱ्यावर फिरून आलात की खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि हो, पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरतात, वायरी बघत जा.