फिशफाइंडर बसवताना आणि वापरताना या चुका टाळा

नवा फिशफाइंडर, म्हणजे पाण्याचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं मशीन, धक्क्यावर उभ्या बोटीत छान चालतं. बोट वेग घेते, आणि पडद्यावरचा तळ तुटक होत होत नाहीसा होतो. बरेच जण लगेच मशीनला दोष देतात. माझं मत विचाराल तर अशा वेळी मशीन बहुधा ठीकच असतं. चूक असते ती ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या भागाच्या, जागेत किंवा वायरिंगमध्ये, नाहीतर पडदा वाचण्याच्या आपल्या पद्धतीत.

मशीन नेमकं काय करतं हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. ट्रान्सड्यूसरमधला सिरॅमिकचा तुकडा विजेने कंप पावतो आणि पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो. तो तळावर किंवा माशावर आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, त्यामुळे ३० मीटर खोलीवरून परत यायला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. प्रतिध्वनी किती वेळाने आला आणि किती जोरात आला, एवढ्या दोनच गोष्टी साध्या सोनारला, म्हणजे आवाजाने शोध घेणाऱ्या अशा यंत्राला, कळतात. मासा डावीकडे आहे की उजवीकडे, हे त्याला कळत नाही. जपानच्या फुरुनो कंपनीने १९४८ मध्ये मासेमारीसाठी हे यंत्र बाजारात आणलं, तेव्हाचं तत्त्व आजच्या रंगीत पडद्यामागेही तसंच आहे.

ट्रान्सड्यूसर जागा दिसेल तिथे ठोकू नका

पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथून आवाज जवळपास पूर्ण परत फिरतो. म्हणून ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी बुडबुड्यांचा पातळ थर आला तरी खालचं काही दिसत नाही. वेगात तळ गायब होतो तो बहुतेक याच कारणाने.

भोकं पाडायच्या आधी एक काम करा. दुसऱ्या कुणाला तरी बोट चालवायला द्या आणि ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या, खालून पाणी कसं निघतं ते नीट बघा. काही ठिकाणी ते काचेसारखं गुळगुळीत निघतं, काही ठिकाणी फेसाळतं. तळावरच्या उभार पट्ट्या, रिव्हेटच्या रांगा आणि पाणी आत घ्यायची भोकं यांच्या मागे फेस असतोच. या रेषा सोडून जागा निवडा. एकच इंजिन असेल तर ज्या बाजूला पंख्याची पाती वरून खाली येतात ती बाजू जास्त शांत असते. मागून बघताना पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल, तर ती उजवी बाजू. पंख्याच्या अगदी जवळ मात्र नको.

उंचीच्या बाबतीत बहुतेकांचा हात आखडतो. ट्रान्सड्यूसर घासेल, तुटेल या भीतीने तो वर बसवला जातो आणि बोट वेग घेताच उघडा पडतो. फायबरच्या बोटीत त्याचं तोंड तळाच्या कडेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली असावं लागतं, ॲल्युमिनियमच्या बोटीत साधारण १० मिलिमीटर. तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा. ब्रॅकेटला लांबट खाचा असतात त्या याच कामासाठी. वेगात तळ तुटत असेल तर ट्रान्सड्यूसर ३ मिलिमीटर खाली सरकवा, फेरी मारा, गरज असेल तर परत सरकवा. मागे पाण्याचा फवारा उडायला लागला तर जास्त खाली गेला. एका दमात दोन सेंटिमीटर सरकवणाऱ्याला चूक कुठे होती हे कधीच समजत नाही.

कलही बघा. बोट चालत असताना तोंड सरळ खाली असलं पाहिजे. मासे पडद्यावर कमानीसारखे उमटतात, त्या कमानींची एकच बाजू प्रत्येक वेळी लांब दिसत असेल, तर ट्रान्सड्यूसर पुढे किंवा मागे झुकलेला आहे.

पाण्याखाली येणाऱ्या प्रत्येक स्क्रूला मरीन सीलंट हवंच. त्याहून बरं म्हणजे ट्रान्समवर आधी प्लॅस्टिकची जाड फळी बसवायची आणि ट्रान्सड्यूसर त्या फळीवर. मग जागा दहा वेळा बदलली तरी बोटीला नवं भोक पडत नाही.

आतून चिकटवण्याचा मोह

भोकच नको म्हणून ट्रान्सड्यूसर बोटीच्या आत, तळाला चिकटवता येतो. पण हे फक्त भरीव फायबरच्या तळात, आणि त्यासाठी बनवलेल्या ट्रान्सड्यूसरनेच. तळाच्या थरांमध्ये फोम असेल, किंवा बोट लाकडाची वा ॲल्युमिनियमची असेल, तर हा नाद सोडा. डाउन किंवा साइड इमेजिंग, म्हणजे खालचं किंवा बाजूचं फोटोसारखं चित्र दाखवणारी सोय, तीही अशी आतून चालत नाही. चिकटवण्याआधी पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ट्रान्सड्यूसर घालून ती पिशवी निवडलेल्या जागी दाबून बघा. बाहेर बुडवल्यावर जसा तळ दिसतो तसाच इथेही दिसला तरच पुढे जा. चिकटवायच्या इपॉक्सीत एक मोठा बुडबुडा राहिला की मेहनत वाया जाते, म्हणून सावकाश सुकणारं इपॉक्सी घ्या आणि ट्रान्सड्यूसर फिरवत फिरवत दाबा. आतून बसवल्यावर पाण्याचं तापमान मात्र खरं मिळत नाही, तळाच्या भिंतीचं मिळतं.

वीज आणि वायर

इंजिन स्टार्ट करताना मशीन बंद होऊन पुन्हा चालू होतं, याचा अर्थ त्या क्षणी व्होल्टेज पडतं. वायर बारीक असेल किंवा दिव्यांच्या, पंपाच्या लाइनमधून वीज घेतली असेल तर असं होतं. वायर थेट बॅटरीपासून आणा आणि पॉझिटिव्ह वायरवर बॅटरीजवळ सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज टाका. शक्य असेल तर वेगळी छोटी बॅटरी ठेवा, कटकटच मिटते.

ट्रान्सड्यूसरची केबल लांब पडली तर कापून जोडू नका. तिच्या आतलं आवरण बाहेरचा विद्युत गोंगाट अडवतं, आणि घरगुती जोडात नेमकं तेच तुटतं. उरलेली केबल मोठे सैल वेढे देऊन ठेवा. इंजिनच्या वायर आणि व्हीएचएफ रेडिओची केबल यांच्यासोबत ती बांधू नका.

पडद्यावर ठिपके आणि आडव्यातिडव्या रेषा येत असतील, तर कारण शोधायची एक सोपी चाचणी आहे. बोट उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि इंजिन वाढवा. गोंगाट तेव्हाही वाढला तर तो विजेचा आहे, वायरिंग बघा. न्यूट्रलमध्ये पडदा स्वच्छ आणि बोट पळायला लागल्यावरच घाण होत असेल, तर तो पाण्याचा आणि बुडबुड्यांचा आहे, ट्रान्सड्यूसरची जागा बघा. या दोन मिनिटांच्या चाचणीने दिवसभराची उघडझाप वाचते.

पडदा वाचताना सगळ्यात जास्त फसगत होते

पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण. तिच्या डावीकडचं सगळं होऊन गेलेलं आहे. पडद्याच्या मध्यावर थवा दिसला म्हणून गळ सरळ खाली सोडला, तर तो थवा मागे राहिलेला असतो. बोट उभी असली तरी पडदा सरकतच राहतो. मग खाली स्थिर असलेला बोटभर मासाही लांबलचक रेघ काढतो. रेघ लांब आहे म्हणून मासा मोठा होत नाही, तो जास्त वेळ खाली थांबला एवढंच. आकाराचा अंदाज घ्यायचा तर प्रतिध्वनीची जाडी आणि रंगाची तीव्रता बघा. तोही अंदाजच, कारण प्रतिध्वनीचा मोठा भाग माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून, वाताशयावरून येतो. शार्कला वाताशय नसतं, त्यामुळे आकाराच्या मानाने त्याचा प्रतिध्वनी फिका.

सुंदर कमानी दिसत नाहीत, ही तर ठरलेली तक्रार. ट्रान्सड्यूसरचा आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो. मासा त्या शंकूच्या कडेला असताना ट्रान्सड्यूसरपासूनचं अंतर जास्त असतं, मध्यावर आला की कमी होतं, पलीकडे गेला की पुन्हा वाढतं. त्यातून कमान बनते. आता हिशोब करा. शंकू २० अंशांचा आणि मासा १० मीटरवर असेल, तर कड आणि मध्य यांच्या अंतरात फरक पडतो जेमतेम १५ सेंटिमीटर. शून्य ते वीस मीटर दाखवणाऱ्या पडद्यावर एवढ्याशा उंचीची कमान रेघेसारखीच दिसणार. उथळ पाण्यात कमानींची वाट बघत बसू नका.

तोच २० अंशांचा शंकू १० मीटरवर सुमारे साडेतीन मीटर रुंद होतो. त्या सगळ्या वर्तुळातलं जे काही आहे ते पडद्यावर एकाच उभ्या पट्टीत दाबलं जातं. त्यामुळे उतारावर तळाला चिकटलेला मासा लपून जातो, कारण उताराच्या वरच्या भागाचा प्रतिध्वनी त्याच्या आधी पोचतो.

माशाची चित्रं दाखवणारी सोय शिकताना बंदच ठेवा. झाडाची फांदी, बुडबुडे, पानवेलीचा गुंता, कशालाही ती मासा करून टाकते आणि खरा प्रतिध्वनी बघायची सवय लागत नाही. तसंच ६ मीटरवर तळ आणि १२ मीटरवर पुन्हा एक तळ दिसला तर घाबरू नका. आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात दोनदा फिरून आला आहे. हा दुसरा तळ कडक जमिनीची चांगली खूण आहे, मऊ चिखलावर तो सहसा उमटत नाही.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती फिके प्रतिध्वनी पडद्यावर दाखवायचे ती सेटिंग, सुरुवातीला ऑटोवर असू द्या. नंतर हाताने वाढवत जा, सगळीकडे बारीक ठिपके पसरले की थोडी मागे घ्या. पडदा अगदी स्वच्छ हवा म्हणून फिल्टर वाढवत नेणं ही उलटी चूक आहे, त्यात लहान माशांचे प्रतिध्वनी पहिले जातात.

हात बसवायचा असेल तर शांत पाण्यात नांगर टाका आणि शिशाचं वजन दोरीला बांधून ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली सोडा. वजन खाली जाताना पडद्यावर तिरकी रेघ उतरते, थांबवलं की आडवी होते, वर ओढलं की चढते. दोरीवर मीटरच्या खुणा केलेल्या असतील तर खोलीचा आकडाही तिथल्या तिथे पडताळता येतो. हा आकडा ट्रान्सड्यूसरपासून मोजलेला असतो, हे विसरू नका. बोटीचा सगळ्यात खालचा भाग ट्रान्सड्यूसरपेक्षा खाली असेल तर तेवढा फरक सेटिंगमध्ये भरा. उथळ पाण्यात या एका विसराने बोट तळाला लागू शकते.

तळ दिसतच नसेल तर

आधी मशीन सिम्युलेटरवर तर नाही ना ते बघा. त्यात तळही खोटा आणि मासेही खोटे असतात. काही मशीनना ट्रान्सड्यूसर सापडला नाही की ती आपणहून त्याच मोडमध्ये जातात. मग खोलीची मर्यादा ऑटोवर आणा. बोट खोल पाण्यात असेल तर कमी फ्रीक्वेन्सी निवडा, कारण २०० किलोहर्ट्झपेक्षा ५० किलोहर्ट्झचा आवाज बराच खोल पोचतो. त्यानंतर कनेक्टर काढून पिना वाकल्या आहेत का, हिरवा गंज चढला आहे का, ते तपासा.

शेवटी ट्रान्सड्यूसरचं तोंड बोटाने चाचपून बघा. शेवाळ किंवा तेलकट थर लागला असेल तर मऊ कापड आणि साबणाचं पाणी पुरतं. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, प्लॅस्टिक खराब होतं. शिंपले चढू नयेत म्हणून रंग लावायचा असेल तर ट्रान्सड्यूसरसाठी बनवलेला, पाण्यात मिसळणारा रंग घ्या आणि एकच पातळ हात द्या.