एडीएचडीची तपासणी कशी करून घ्यावी: कोल्हापूरकर पालकांसाठी आणि मोठ्यांसाठीही

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवता न येणं आणि अतिचंचलता-उतावळेपणा यांचा विकार, रक्ताच्या तपासणीत कळत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही, ईईजीतही नाही. डॉक्टर निदान करतात ते माणसाच्या रोजच्या जगण्याच्या हकिकतीवरून. म्हणून तपासणीचं निम्मं काम दवाखान्यात जाण्याआधी घरीच करायचं असतं. ते नीट केलं नाही तर चांगल्या डॉक्टरलाही अंदाजानं चालावं लागतं. मी शाळेत शिकवते. पालक मोठ्या धीरानं तपासणीला जातात आणि "लक्षच नाही हो याचं" एवढंच सांगून परत येतात, हे पाहून वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शंका कधी घ्यावी

पोरगं वांड आहे म्हणजे त्याला एडीएचडी आहे, असं होत नाही. पाच वर्षांचं मूल लग्नात हॉलभर धावत असेल तर त्यात काळजीचं काही नाही. मानसिक आजारांचं निदान ठरवणाऱ्या, २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या नियमावलीत लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. मुलांमध्ये एका गटातली किमान सहा, आणि सतरा वर्षांपासून पुढं किमान पाच लक्षणं सहा महिने तरी टिकलेली असावी लागतात. त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांच्यामुळे खरोखर काही अडत असायला हवं. घरी रोज आदळआपट, पण शाळेत, तालमीत, आजोळी सगळं सुरळीत असेल तर कारण आधी घरात शोधावं.

याच नियमावलीनुसार साधारण पाच टक्के मुलांना आणि अडीच टक्के मोठ्यांना एडीएचडी असतो. चाळीसच्या वर्गात सरासरी दोघं. त्यातला एक सगळ्या शाळेला माहीत असतो, कारण तो सतत वर्गाबाहेर उभा असतो. दुसरी पुष्कळदा मुलगी असते. ती खिडकीशी बसते, कुणाची खोडी काढत नाही, त्यामुळे तिचं नाव कुणी घेत नाही. अशा मुलीची वही उघडून बघा. तारीख आणि धड्याचं नाव सुवाच्य, खाली लाल रेघ, पहिल्या चार ओळी मोत्यासारख्या. पाचवी ओळ "म्हणून शेतकऱ्याने" इथं तुटलेली, समासात वेलबुट्टी, आणि पान उलटलं की दुसराच विषय. मला जास्त काळजी या मुलींची वाटते. त्यांना "आळशी" म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं.

पहिलं काम: घटना लिहून काढा

दोन-तीन आठवडे एका वहीत रोज थोडं लिहा. "चंचल आहे", "ऐकत नाही" असं नको. काय घडलं ते लिहा. उदाहरणार्थ: "मंगळवार, संध्याकाळी सात. भागाकाराची पाच गणितं. पहिलं दोन मिनिटांत बरोबर. मग पाणी, मग पेन्सिलीला टोक, मग बाहेर रिक्षा वाजली म्हणून खिडकीत. साडेआठपर्यंत तीनच झाली." या चार ओळींतून डॉक्टरांना जे कळतं ते अर्धा तास तक्रार ऐकूनही कळत नाही.

जे चांगलं जमतं तेही लिहा. "मोबाईलवर तासभर बसतो, मग लक्ष नाही कसं म्हणायचं?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. एडीएचडीत लक्ष नसतंच असं नाही. ते हवं तिथं वळवता येत नाही आणि नको तिथून काढता येत नाही. आवडीच्या गोष्टीत मूल बुडून जातं, म्हणून निदान खोटं ठरत नाही.

सोबत घ्यायच्या गोष्टी: जुनी प्रगतिपुस्तकं, तीन-चार विषयांच्या वह्या, जन्माच्या वेळची कागदपत्रं, आधी आकडी आली असेल किंवा डोक्याला मार लागला असेल तर त्याची माहिती, चालू असलेली औषधं. प्रगतिपुस्तकातला "हुशार आहे, पण धांदरट" हा शेरा चार वर्षं चार वेगळ्या शिक्षकांनी लिहिला असेल, तर तो भक्कम पुरावा आहे.

आणि घरातल्या आजीला विचाराच. "ह्याचा बाप पन लहानपनी असलाच हुता" हे वाक्य सहसा विषय संपवण्यासाठी म्हटलं जातं. डॉक्टरांना मात्र ते जरूर सांगा, कारण एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

दुसरं काम: शाळेशी बोला

वर्गशिक्षकांना भेटून पानभर लिहून मागा: वर्गात काय दिसतं, कोणत्या तासाला जास्त, मधल्या सुट्टीत इतर मुलांशी कसं असतं. पालकांना संकोच वाटतो, आता मुलावर शिक्का बसेल अशी भीती असते. पण शाळेची बाजू नसेल तर लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसतात की नाही हे ठरवताच येत नाही, आणि तुम्हाला पुन्हा पाठवलं जातं.

कुणाकडे जायचं

शंका कुणीही घेऊ शकतं. निदान मानसोपचारतज्ज्ञानं, बालविकासतज्ज्ञानं किंवा मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञानं करायचं. बुद्धिमापन आणि इतर चाचण्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

कोल्हापूर शहरात सीपीआर हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आणि कदमवाडीला डी. वाय. पाटील यांचं. दोन्हीकडे मानसोपचार विभागात चौकशी करा. गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडीहून येणार असाल तर लहान मुलांना कोणत्या दिवशी तपासतात आणि चाचण्यांसाठी वेगळी वेळ घ्यावी लागते का, हे आधी फोन करून विचारा. नाहीतर केस पेपर काढून दिवस जातो आणि हातात पुढची तारीख येते. मूल सरकारी शाळेत किंवा अंगणवाडीत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथं तपासणीला येतं. हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि त्याच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. पथक आलं की शिक्षकांमार्फत तुमची शंका त्यांच्या कानावर घाला. काहीच सुचत नसेल तर १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, कोणत्याही वेळी, फुकट. तिथं निदान होत नाही, पण पुढं कुठं जायचं ते सांगतात.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि स्वभाव सांगणारी डीएमआयटी नावाची चाचणी हजारो रुपयांना विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही. तो पैसा वाचवा.

तपासणीत काय होतं

सहसा दोन-तीन भेटी लागतात. पहिल्या भेटीत बराच वेळ बोलण्यात जातो. मग पालकांना आणि शिक्षकांना भरायला प्रश्नावल्या मिळतात. व्हँडरबिल्ट, कॉनर्स ही त्यातली नेहमीची नावं. त्या आई आणि वडील दोघांनी वेगवेगळ्या भराव्यात. उत्तरं जुळली नाहीत तरी चालतं, ती तफावतही डॉक्टरांच्या कामाची असते. या प्रश्नावल्यांतले गुण म्हणजे निदान नव्हे, हे लक्षात असू द्या.

एडीएचडीसारखं दिसणारं पण वेगळंच काही आहे का, हेही बघितलं जातं. कानानं कमी ऐकू येणं, नजर अधू असणं, थायरॉइड, रक्त कमी असणं, काही क्षण शून्यात नजर लागणारी आकडी, काळजी आणि नैराश्य. नाकामागची ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्यामुळे रात्री घोरणारं, तोंडानं श्वास घेणारं मूल दिवसा चिडचिडं आणि बेध्यान असतं. त्याला आधी नाक-कान-घसातज्ज्ञाला दाखवावं लागतं.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. घरी कोल्हापुरी मराठी बोलणारं मूल इंग्रजी माध्यमात घातलं जातं, बाईंचं निम्मं बोलणं त्याच्या डोक्यावरून जातं, आणि ते इकडंतिकडं बघतं. मग "लक्ष नाही" म्हणून तक्रार येते. चाचणी घेणाऱ्यांना मूल कोणत्या भाषेत विचार करतं ते स्पष्ट सांगा आणि त्या भाषेत चाचणी मागा. बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी तर मुळात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली आहे. लेखन-वाचनात मूल अडत असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणीही करून घ्या. एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता एकत्र असणं नेहमीचं आहे.

डॉक्टरांसमोर मूल शहाण्यासारखं बसलं तर घाबरू नका. नवी जागा, नवा माणूस, समोरासमोर बोलणं, यात बरीच मुलं स्वतःला आवरून धरतात. डॉक्टरांना हे माहीत असतं. मुलाला आधी घरी खरं सांगा: "तुला अभ्यासाला बसताना त्रास होतो ना, तो कमी कसा करायचा हे विचारायला चाललोय." "बघच, आता डॉक्टर सुई टोचतील" अशी धमकी देऊन नेलेलं मूल तिथं तोंड उघडत नाही.

आठवी ते बारावीची मुलं

या वयात धावपळ कमी होते आणि अस्वस्थता आत जाते. बाहेरून दिसतं ते वेगळंच: रात्री अकराला आठवलेला प्रोजेक्ट, हरवलेलं हॉलतिकीट, तोडून बोलणं, गाडी बेफाम चालवणं. डॉक्टर मुलाशी एकट्याशी बोलू म्हणाले तर बाहेर थांबा आणि नंतर "काय विचारलं?" म्हणून उलटतपासणी घेऊ नका. मावा, सिगारेट, झोप, मनातले वाईट विचार, हे सगळं आई-वडिलांसमोर निघत नाही, आणि ते निघाल्याशिवाय निदान पुरं होत नाही.

मोठ्या वयात

मुलाची प्रश्नावली भरताना "हे तर माझंच वर्णन आहे" असं वाटून थांबलेले आई-बाप बरेच असतात. चाळिशीतही तपासणी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं तयार झालेल्या एएसआरएस प्रश्नावलीतले पहिले सहा प्रश्न सुरुवातीला पुरतात. पण त्यावरून स्वतःच निकाल लावू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

मोठ्यांची खरी अडचण असते बाराव्या वर्षाआधीचा पुरावा. माळ्यावरची ट्रंक काढा, शाळेचे दाखले आणि प्रगतिपुस्तकं शोधा. आई नसेल तर थोरल्या बहिणीला, मावशीला, गावाकडच्या मित्राला विचारा. नवरा किंवा बायको सोबत असलेली उत्तम, कारण विसरलेली वीजबिलं आणि अर्धवट सोडलेली कामं त्यांना जास्त नीट आठवतात. सगळं गेल्या वर्षभरातच सुरू झालं असेल तर नैराश्य, थायरॉइड, झोप, दारू यांचा विचार आधी होईल. तोही नीट होऊ द्या.

निदान झाल्यावर

लेखी अहवाल मागा. त्यात एडीएचडीचा प्रकार, कोणत्या चाचण्या झाल्या, सोबत आणखी काय आढळलं आणि शाळेनं काय करावं, हे सगळं असावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेत सवलत हवी असेल तर अध्ययन अक्षमता आहे का हे नववीतच तपासून, प्रमाणपत्राची चौकशी शाळेकडे सुरू करा. दहावीच्या डिसेंबरात धावाधाव करून हाती काही लागत नाही.

सहा वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये औषधाआधी पालकांना वर्तन हाताळण्याचं प्रशिक्षण दिलं जातं. त्यापुढं औषध सुचवलं तर सुरू करण्याआधी उंची, वजन, नाडी, रक्तदाब नोंदवून घेतला जातो. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तो न विचारताही सांगा. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, आणि ते सगळ्या दुकानांत मिळत नाही. म्हणून दवाखान्यातून निघण्याआधीच विचारून घ्या: औषध शहरात कुठं मिळेल, आणि संपायच्या किती दिवस आधी पुन्हा यायचं.