अंडरहँड पास: मी वर्षभर भिंतीशी खेळले, तुम्ही खेळू नका

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, व्हॉलीबॉलच्या माझ्या पहिल्याच मोठ्या सामन्यात, समोरच्या संघातल्या एका मुलीनं मला हेरलं आणि सलग पाच सर्व्हिस माझ्यावर टाकल्या. पाचही वाया. दोन बाहेरच्या खुर्च्यांत, एक मागे, एक सरळ नेटपलीकडे (ती त्यांनी आयती मिळाल्यासारखी आपटली) आणि पाचवी माझ्या खांद्याला लागून पंचांच्या दिशेनं. मग मला बाहेर बसवलं. रागवायला जागाच नव्हती.

गंमत म्हणजे त्याआधी वर्षभर मी लालबागच्या आमच्या चाळीमागच्या भिंतीवर रोज सकाळी दोनशे अंडरहँड पास (दोन्ही हात जोडून, मनगटाच्या वरच्या भागानं बॉल खालून उडवणं) मारत होते. दीडशेपर्यंत बॉल खाली पडायचा नाही. आमच्या भागात खेळ म्हटलं की कबड्डी, त्यामुळे मला व्हॉलीबॉलचं कोण शिकवणार? भिंत शिकवत होती.

परतीच्या बसमध्ये सर शेजारी येऊन बसले. म्हणाले, "भिंतीवरून आलेला बॉल तू कुठं देतेस?"

"भिंतीवरच."

"आणि सर्व्हिस आलेला?"

मी गप्प. सर्व्हिस येते समोरून, शेवटच्या रेषेमागून. द्यायची असते आपल्या सेटरला, म्हणजे मारणाऱ्या खेळाडूंना बॉल उचलून देणारीला, आणि ती उभी असते नेटजवळ, मधल्यापेक्षा थोडी उजवीकडे. म्हणजे बॉल जिथून आला तिथं तो कधीच परत द्यायचा नसतो. भिंतीवर मी वर्षभर नेमकी तीच सवय लावून घेतली होती.

नव्यानं शिकणाऱ्यांना मला सगळ्यात आधी हेच सांगायचं असतं. पासचा अवघड भाग बॉल हातावर घेणं हा नाही. तो आठ-दहा दिवसांत जमतो. अवघड आहे ते वळवणं. त्यामुळे वळवण्याचा सराव पहिल्या आठवड्यापासून करा.

कॅरम खेळला असाल तर हे पटकन कळेल. रिबाउंड मारताना सोंगटी फ्रेमला ज्या कोनात लागते त्याच कोनात पलीकडे निघते. आपले दोन हात म्हणजे ती फ्रेम. हातांचा सपाट भाग सर्व्हरकडे तोंड करून धरलात तर बॉल सर्व्हरकडे जाणार, आणि पूर्ण सेटरकडे केलात तर सेटरच्याही पलीकडे. तोंड दोघींच्या साधारण मधे हवं. तुम्ही मागच्या ओळीत डावीकडे उभ्या आहात आणि बॉल तुमच्या डाव्या अंगाला आला, तर उजवा खांदा खाली सोडायचा आणि डावा वर ठेवायचा. हातांचा पाट आपोआप आत, उजवीकडे, बघायला लागतो. उजवीकडच्या खेळाडूला बाहेरच्या अंगाला आलेल्या बॉलसाठी याच्या उलट. मला हे डोक्यात शिरायला एक दुपार लागली, खांद्यात शिरायला चार महिने.

आता कॅरमचंच पुढे न्यायचं तर: तुम्ही रिबाउंड मारताय आणि तेवढ्यात कुणी बोर्डच ढकलला, तर? हात झुलवून पास मारणं म्हणजे हेच. नव्या मुलींपैकी बहुतेक जणी बॉल आला की हात खालून वर फेकतात, खांद्याच्याही वर नेतात. मग एकदा बॉल छताला, एकदा पायाशी. जोर हातांतून काढायचाच नाही. बॉल हळू आला तर गुडघ्यातून उठायचं, सर्व्हिस जोरात आली तर काहीच करायचं नाही, उलट हात किंचित मऊ सोडायचे. तिच्यात जोर असतोच, आपण फक्त वाट दाखवायची.

हातांच्या रचनेबद्दल थोडक्यात. एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या तळव्यात, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी समांतर आणि जमिनीकडे. कोपर सरळ. खांदे थोडे पुढे ओढलेले, म्हणजे दोन्ही हात जवळ येतात आणि मधली फट मिटते. बोटं एकमेकांत अडकवू नका, बॉल चुकून बोटांवर बसला तर दुखापत होते. बॉल लागला पाहिजे मनगटाच्या वर चार बोटं, मांसल भागावर. मनगटाच्या हाडावर लागला तर तो कुठंही जातो आणि दुखतं ते वेगळंच.

दुखण्यावरून आठवलं. सुरुवातीला हातांवर बारीक लाल ठिपके येतात. मला ते नेमके जुलैत आले. आईनं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी डेंग्यूची तपासणी करायला घेऊन गेली. ठिपके दोन-तीन आठवड्यांत बंद होतात, पण आधी बॉल तपासा. नियमाप्रमाणे व्हॉलीबॉलचं वजन २६० ते २८० ग्रॅम, घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर आणि आतला दाब चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो, म्हणजे साधारण साडेचार पीएसआयच्या आतबाहेर. कोपऱ्यावरचा सायकलवाला त्यात फुटबॉलसारखी हवा कोंबतो आणि त्याचा दगड होतो. अंगठ्यानं दाबल्यावर बॉल थोडा तरी दबायला हवा. नाही दबला तर पिन घालून हवा सोडा. माझे पहिले सहा महिने त्या दगडाशी गेले, आणि मला वाटायचं माझेच हात नाजूक.

आता सराव. आम्ही जो केला आणि आता रविवारी लहान मुलांकडून करून घेते, तो त्याच क्रमानं सांगते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत पास मारूच नका. जोडीदारानं चार-पाच मीटरवरून दोन्ही हातांनी बॉल टाकायचा, आपण पळत त्याच्या मागे जायचं आणि तो पोटासमोर, कंबरेच्या उंचीवर, दोन्ही हातांनी पकडायचा. एवढंच. पकडताना पाय थांबलेले असले पाहिजेत आणि बॉल दोन्ही गुडघ्यांच्या मधल्या रेषेत. पोरं कंटाळतात, "ताई, पास कधी?" म्हणतात. पण पासचा निम्मा भाग इथंच होतो, कारण चुकलेला पास बहुतेक वेळा पायांनी चुकवलेला असतो. बॉलपर्यंत आपण पोचत नाही, मग हात लांब करतो, मग खांदा वाकडा. खो-खो खेळलेल्या मुली इथं दोन दिवसांत पुढे जातात. खाली बसून झटकन दिशा बदलायची सवय त्यांच्या अंगात असते.

मग गुडघ्यांवर बसून. सतरंजीची घडी घाला, नाहीतर मुंबईच्या सिमेंटवर गुडघे सोलून निघतात. समोरच्यानं तीन मीटरवरून बॉल हलका टाकायचा, आपण तो फक्त हातांच्या पाटानं त्याच्या डोक्यावर परत द्यायचा. पाय वापरता येत नाहीत, त्यामुळे हात झुलवले की लगेच उघडं पडतं. दिवसाला वीस-तीस पुरे.

यानंतर त्रिकोण. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि हे करा. तिघं लागतात. एक टाकणार, एक पास देणारी, तिसरी लक्ष्य. तिघांत पाच-सहा मीटर अंतर, आणि लक्ष्याची जागा अशी की पास देणारीला बॉल थोडा वळवावाच लागेल. लक्ष्य बनलेल्या मुलीनं हात वर करून उभं राहायचं आणि जागेवरून एका पावलापेक्षा जास्त हलायचं नाही. हलावं लागलं तर तो पास धरायचा नाही. दहा चांगले झाले की जागा बदला. मग लक्ष्य डावीकडून उजवीकडे न्या, मग पास देणारीला दोन पावलं मागे. दोन दिवसांनी टाकणाऱ्यानं मुद्दाम बॉल अंगाच्या बाहेर टाकायचा: कधी डावीकडे, कधी उजवीकडे. प्रत्येक पासनंतर मधे परत यायचं. पाय एकमेकांवर न टाकता सरकत जायचं, आणि बॉल हाताला लागायच्या आधी थांबायचं. पळता पळता मारलेला पास दिसायला झकास असतो, सेटरच्या मात्र काही कामाचा नसतो.

एकट्यानंच करायचं असेल तर भिंत पूर्ण वाईट नाही. दोन भिंतींचा कोपरा शोधा. समोरच्या भिंतीवर बॉल फेका, परत येताना तो पास करा, पण बाजूच्या भिंतीवर खडूनं काढलेल्या चौकोनात. मला हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर!

पावसाळ्यात मैदानांचा चिखल होतो, जून ते सप्टेंबर बाहेर खेळायचं म्हणजे नशिबाची गोष्ट. तेव्हा मी चाळीच्या गॅलरीत स्वतःशीच पास मारायचे. छत खाली, बाजूला कठडा, दोरीवर वाळत घातलेले कपडे. बॉल डोक्याच्या दोन हात वर गेला की छताला लागायचा, बाजूला गेला की शेजारच्या काकूंच्या साडीवर. उंची आणि ताबा जितका त्या गॅलरीनं शिकवला तितका मैदानानं नाही. काकूंचं मत वेगळं आहे.

सर्व्हिसवरचा सराव शेवटी, पण फार शेवटीही नको. आधी सहा मीटरवरून हातानं फेकलेला बॉल, मग सहा मीटरवरून सर्व्हिस, मग पूर्ण अंतर. नवख्यांना छळते ती फ्लोट सर्व्हिस. तिला फिरकी नसते, त्यामुळे ती हवेत डुलते आणि शेवटच्या क्षणी खाली किंवा बाजूला सरकते. तिच्याशी लढायचा एकच उपाय मला सापडला: लवकर बघायचं. पंचांच्या शिट्टीनंतर सर्व्हरला ८ सेकंदांत सर्व्हिस करावी लागते. त्या वेळात बहुतेक नवे खेळाडू बॉलकडे बघतात. तुम्ही तिच्या पायांकडे आणि खांद्याकडे बघा, ती कुठं तोंड करून उभी आहे ते. बॉल हातातून सुटल्यावर पहिलं पाऊल लगेच पडलं पाहिजे, चुकीचं पडलं तरी चालेल.

एक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. संघाच्या पहिल्या स्पर्शात, एकाच हालचालीत, बॉल अंगाला एकापाठोपाठ दोन ठिकाणी लागला तरी डबल, म्हणजे दोनदा स्पर्श केल्याचा फॉल्ट, देत नाहीत. पकडला किंवा फेकला तर मात्र फॉल्ट. म्हणजे खांद्याच्या वर आलेली सर्व्हिस मागे पळत अंडरहँडनं घ्यायचा हट्ट कशाला? बोटांवर घ्या. माझी ती खांद्यावर लागलेली पाचवी सर्व्हिस अशीच होती.

पास कुठं द्यायचा? पुस्तकी उत्तर म्हणजे सेटरच्या हातात. पहिले काही महिने एवढं ठरवा: नेटच्या पट्टीपेक्षा चांगला वर आणि नेटपासून तीन मीटरवर आखलेल्या रेषेच्या आत. महिलांचं नेट २.२४ मीटर असतं, पुरुषांचं २.४३. नेटला चिकटलेला पास सगळ्यात महाग पडतो, कारण तो पलीकडच्यांच्या हाताशी जातो. थोडा लांब पडला तर सेटर पळून सांभाळते. आम्ही वहीत गुण लिहायचो: सेटरला हवं ते करता आलं तर तीन, मारणाऱ्यांपैकी एका-दोघींनाच देता आला तर दोन, कसाबसा उचलावा लागला तर एक, पॉइंट गेला तर शून्य. माझी पहिल्या आठवड्याची सरासरी एकच्या जरा वर होती. वर्षभरानं ती दोनला टेकली, त्यापुढे हट्टानं सरकेना. वही अजून आहे, दाखवत नाही.

आणि ओरडा. "माझा!" हा शब्द बॉल नेट ओलांडायच्या आत तोंडातून बाहेर पडला पाहिजे. दोघींच्या मधे पडलेल्या सर्व्हिसपेक्षा लाजिरवाणं काही नाही, दोघी एकमेकींकडे बघत राहतात. आपल्या मुलींना मैदानावर मोठ्यानं ओरडायला शिकवावं लागतं, हे मला शिकवायला लागल्यावर कळलं. त्रिकोणातही प्रत्येक बॉलला ओरडायला लावा.

उंची कमी म्हणून कुणी नाही म्हणत असेल तर ऐकू नका. १९९८ पासून लिबेरोची जागा आली, वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागच्या ओळीत फक्त हेच काम करणारी खेळाडू. मी पाच फूट एक इंच आहे. नेटजवळ माझं काही काम नव्हतंच.

राहिला प्रश्न तिघं आणायची कुठून. मोठ्या मैदानावर संध्याकाळी कुठंतरी नेट लागलेलं असतं. जाऊन थेट "मला घ्या" म्हणू नका, कुणी घेत नाही. कडेला उभं राहा आणि बाहेर गेलेले बॉल आणून द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "खेळतेस का?" माझा त्रिकोण असाच जमला: बँकेतून सुटून साडीवर स्पोर्ट्स शूज घालून येणारी एक ताई, नववीतला एक मुलगा आणि मी. मुलगा दहावीत गेला आणि त्याच्या आईनं त्याचं मैदान बंद केलं. मग आम्ही दोघी कडेला बॉल आणून देणाऱ्या मुलांवर नजर ठेवायला लागलो.